खारवट जमिनीत पिकाची उपासमार का होते?

पिकाची पाने कडेने करपू लागली म्हणजे जमिनीत पालाश कमी पडला असावा, असा तर्क पुष्कळ बागायतदार करतात आणि खताची मात्रा वाढवितात. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत हा तर्क अनेकदा खरा ठरतो. खारवट जमिनीत मात्र तो फसवा आहे. तेथे माती तपासली तर पालाश भरपूर निघतो आणि पान तपासले तर त्यात तो पुरेसा आढळत नाही. अशा वेळी खत वाढविले की करपणे थांबत नाही, उलट वाढते. समोर भरले ताट असावे, पण घास घशाखाली उतरू नये, तशी पिकाची अवस्था झालेली असते.

नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, कांदा, टोमॅटो यांसारखी मोठ्या खर्चाची पिके घेतली जातात. यांपैकी द्राक्ष व कांदा ही क्षारांना लवकर बळी पडणारी पिके आहेत. यास्तव क्षारांमुळे मुळाच्या पेशीत नेमके काय घडते, हे शेतकरी बंधूंनी व त्यांना सल्ला देणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण एकदा उमगले म्हणजे कोणता खर्च आधी करावा व कोणता टाळावा, हे आपोआप ध्यानात येते.

क्षार येतात कोठून?

आपल्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून बनल्या. खडक झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचे क्षार सुटे होतात. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व हे क्षार धुऊन नेतो. निफाड, येवला, सिन्नर या पूर्वेकडील भागात पाऊस त्या मानाने फारच थोडा पडतो. शिवाय काळ्या चिकण मातीतून पाणी सावकाश मुरते. त्यामुळे तेथे क्षार जमिनीतच राहण्याकडे कल असतो.

त्यांत भर पडते ओलिताच्या पाण्याची. विहिरीचे पाणी दिसावयास कितीही स्वच्छ असले तरी त्यात क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्याची विद्युतवाहकता दर मीटरला १ डेसिसायमन आहे, अशा एक लिटर पाण्यात सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. पाच सेंटिमीटर खोलीची एक पाळी दिली म्हणजे एकरी सुमारे दोन लाख लिटर पाणी शेतात जाते आणि त्यासोबत सुमारे १३० किलो क्षार जातात. पीक व ऊन मिळून पाणी तेवढे उडवून लावतात. क्षारांचा फार मोठा भाग मात्र मागे राहतो. दहा पाळ्यांत हा साठा तेरा क्विंटलांवर जातो. या क्षारांना वाट न मिळाली तर जमिनीचे काय होईल, हे सांगावयास नको.

हा प्रश्न नवा नाही. नीरा नदीच्या कालव्यावरील बागायतीत जमिनी खारवू लागल्या, तेव्हा डॉ. हॅरॉल्ड मान व वि. अ. ताम्हणे यांनी त्यांचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९१६ मध्ये पाटबंधाऱ्याच्या पाण्याने बिघडलेल्या जमिनी सुधारण्यासाठी व पाणी देण्याच्या पद्धतींत सुधारणा करण्यासाठी सरकारने एक खास विभाग स्थापन केला. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. त्याच वर्षी दारणा धरण पूर्ण झाले. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथून निघणाऱ्या गोदावरीच्या कालव्यांना त्याचे पाणी मिळते. कालव्याने समृद्धी आणली, यात संशय नाही. परंतु पाणी आणण्याची व्यवस्था झाली तेथे जादा पाणी बाहेर काढण्याची व्यवस्था झालीच असे नाही.

मूळ अन्न कसे घेते?

मुळाच्या टोकाजवळ अतिशय बारीक केशमुळे असतात. प्रत्येक केशमूळ म्हणजे एकाच पेशीची लांबट वाढ होय. पेशीभोवती एक पातळ पटल असते. पाणी त्यातून जाऊ शकते. परंतु पालाश, नत्र, कॅल्शियम इत्यादी अन्नद्रव्यांना ठराविक दारांतूनच आत यावे लागते. या द्रव्यांचे कण विजेचा भार वाहणारे असतात. पालाश, सोडियम व कॅल्शियम यांचे कण धनभारित, तर नायट्रेट व क्लोराइड यांचे ऋणभारित होत.

पेशीच्या पटलात लहान लहान पंप असतात. ते हायड्रोजनचे धनभारित कण एकसारखे बाहेर लोटीत राहतात. विहिरीवरची मोट चालू ठेवावयास बैलांना चारा घालावा लागतो, तद्वत हे पंप चालविण्यास पेशीला साखर व प्राणवायू लागतो. या कामामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा शंभर ते दोनशे मिलिव्होल्टने ऋण राहते. ह्या विद्युत्दाबाच्या ओढीने धनभारित पालाश आत येतो. नायट्रेट मात्र ऋणभारित असल्याने आपण होऊन येत नाही. बाहेर लोटलेले हायड्रोजनचे कण परत येताना त्याला सोबत घेऊन येतात. म्हणजे पालाश काय किंवा नत्र काय, दोहोंचे घेणे शेवटी या पंपांच्या बळावर अवलंबून असते.

मीठ आड कसे येते?

क्षार मुळाच्या कामात निरनिराळ्या चार मार्गांनी अडथळा आणतात.

पहिला मार्ग पाण्याचा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरी पाहावयास मिळते. जमिनीतील पाणी खारट झाले म्हणजे मुळांना ते ओढून घेण्यास अधिक बळ लावावे लागते. जमीन सुकू लागली की ही अडचण वाढते. कारण पाणी निम्मे झाले तरी क्षार तेवढेच राहतात व त्यांची तीव्रता दुप्पट होते. यामुळे खारवट शेतातील पीक जमिनीत ओल असतानाही दुपारी मान टाकते. अन्नद्रव्ये पाण्याबरोबरच मुळाशी येत असल्याने पाण्याचा ओघ मंदावला की तीही कमी येतात.

दुसरा मार्ग चढाओढीचा. सोडियम व पालाश यांचे कण गुणधर्मांनी बरेचसे सारखे आहेत. पालाशासाठी असलेल्या काही दारांतून सोडियमही घुसतो आणि इतरही मार्गांनी तो आत शिरतो. धनभारित सोडियम मोठ्या प्रमाणात आत आला की पेशीतील ऋण दाब उतरतो. मग नवा पालाश ओढून घेणे तर दूरच, पेशीत साठविलेला पालाशही बाहेर गळू लागतो. पेशीतील अनेक विकरांना व प्रथिने बनविण्याच्या कामाला पालाशच लागतो; सोडियम त्याची जागा भरून काढू शकत नाही. त्याचप्रमाणे क्लोराइड हा नायट्रेटच्या वाटेत उभा राहतो, म्हणून पिकाला नत्राचीही उणीव भासते.

तिसरा मार्ग कॅल्शियमचा. पेशीचे पटल घट्ट व निवडक ठेवण्याचे काम कॅल्शियम करतो. सोडियम फार झाला की तो पटलावरील कॅल्शियमला हुसकून लावतो व पटल सैल पडते. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ इमॅन्युएल एपस्टाईन यांनी १९६१ मध्ये असे दाखवून दिले की, कॅल्शियम असेल तरच मूळ पालाश व सोडियम यांत नीट निवड करू शकते. कॅल्शियम हा जणू दारावरचा राखणदार आहे. राखणदार हटला की सोडियमला मोकळे रान मिळते.

चौथा मार्ग हवेचा. मातीच्या कणांना सोडियम चिकटला की ते एकमेकांपासून सुटून पसरतात, मातीची छिद्रे बुजतात व जमीन चोपण होते. ओली असताना ती चिखलासारखी होते आणि वाळली की दगडासारखी कठीण. तिच्यात हवा खेळत नाही. प्राणवायू नाही म्हणजे मुळांचे पंप थंडावतात. शिवाय अशा जमिनीचा सामू ८.५ च्या वर गेल्याने लोह व जस्त जमिनीत असूनही विरघळलेल्या रूपात मिळत नाहीत. युरियासारखे खत वरून फेकले तर त्यातील बराच नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातो.

या चारही मार्गांत खताचा तुटवडा हे मूळ कारण नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. बहुतेक रासायनिक खते हीही क्षारच होत. खारवट जमिनीत त्यांची मात्रा वाढविणे म्हणजे तहानलेल्यास खारे पाणी पाजण्यासारखे आहे.

सर्व पिके सारखी नसतात

वनस्पतींजवळही क्षारांपासून बचावाची साधने आहेत. काही पिकांच्या मूळपेशी आत आलेला सोडियम पुन्हा बाहेर लोटतात. काही तो पेशीतील रिक्तिका नावाच्या कोठारात कोंडून ठेवतात. काही पिके तो मुळातच अडवून पानांकडे जाऊ देत नाहीत. गव्हामध्ये हा गुण चांगला आढळतो. परंतु या प्रत्येक कामाला शक्ती खर्च होते व तेवढे उत्पन्न घटते.

मास व हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये निरनिराळ्या पिकांची सहनशक्ती एकत्र मांडली. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता डेसिसायमनमध्ये मोजली असता, उत्पन्न घटू लागण्याची मर्यादा पुढीलप्रमाणे आहे:

घेवडा – १.०
कांदा – १.२
द्राक्ष – १.५
ऊस – १.७
टोमॅटो – २.५
गहू – ६.०

मर्यादेपुढे प्रत्येक डेसिसायमनला कांद्याचे उत्पन्न सुमारे १६ टक्के, तर द्राक्षाचे सुमारे ९.६ टक्के घटते. म्हणजे वाहकता ३.२ असलेल्या जमिनीत गव्हावर परिणाम दिसणार नाही. कांद्याचे उत्पन्न मात्र सुमारे एकतृतीयांश कमी होईल. शेजारच्या रानात गहू जोमदार आहे म्हणून आपल्या रानात कांदा तसाच येईल, असे समजणे चुकीचे ठरेल.

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा संपृक्त अर्काऐवजी एक भाग माती व दोन किंवा अडीच भाग पाणी अशा मिश्रणात वाहकता मोजतात. जादा पाण्यामुळे तो आकडा पुष्कळ कमी येतो. तो वरील मर्यादांशी थेट ताडून पाहू नये. मोजणीची पद्धत प्रयोगशाळेकडून विचारून घ्यावी.

गावात करून दाखविण्याजोगा प्रयोग

कॅल्शियमचे महत्त्व तोंडी सांगण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिले म्हणजे मनावर ठसते. घेवड्याची रोपे वाळूत उगवून पहिली पाने फुटली की सारख्या वाढीची काही रोपे मुळे न दुखवता काढावीत. तीन पेल्यांत साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे. पहिल्यात लिटरला १ ग्रॅम जिप्सम, दुसऱ्यात लिटरला ३ ग्रॅम मीठ आणि तिसऱ्यात ३ ग्रॅम मीठ व १ ग्रॅम जिप्सम अशी मात्रा ठेवावी. जिप्सम सावकाश विरघळते, म्हणून पाणी चांगले ढवळावे. पेल्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळून रोपांची मुळे पाण्यात सोडावीत आणि आठवडाभर निरीक्षण करावे.

१९६९ मध्ये लाहाय व एपस्टाईन यांनी घेवड्यावर याच तत्त्वाचा प्रयोग केला होता. मिठाचे प्रमाण तेवढेच असताना कॅल्शियम पुरेसे मिळालेली रोपे टवटवीत राहिली व न मिळालेल्यांची हानी झाली. तथापि, यावरून मीठ असले तरी चालते असा अर्थ कोणी काढू नये. जिप्सम राखणदाराला बळ देते. शत्रूला शिवाराबाहेर घालविण्याचे काम निचऱ्याचेच आहे.

आधी ओळख, मग उपाय

खारवट व चोपण या दोन जमिनींचे उपाय भिन्न आहेत. संपृक्त अर्काची वाहकता ४ पेक्षा अधिक, सामू ८.५ पेक्षा कमी व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून कमी असेल तर जमीन खारवट समजावी. तिच्या पृष्ठभागावर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. वाहकता ४ पेक्षा कमी, पण सामू ८.५ पेक्षा व सोडियम १५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर ती चोपण होय. वाहकता व सोडियम दोन्ही वाढलेले असतील तर ती खारवट-चोपण. आपल्या भारी काळ्या जमिनीत सोडियम १५ टक्क्यांच्या पुष्कळ खाली असतानाच निचरा बिघडू लागतो, म्हणून त्या आकड्याची वाट पाहत बसू नये.

निचरा: कोणत्याही प्रकारच्या जमिनीत हे पहिले काम आहे. उतार पाहून चर काढावेत किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ घालावेत. चराचे पाणी नाल्यापर्यंत गेलेच पाहिजे; अन्यथा एकाचे क्षार दुसऱ्याच्या शेतात जातील. यासाठी शेजारी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काम करणे श्रेयस्कर. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घ्यावा.

धुणे: केवळ खारवट जमिनीस जिप्समची सहसा गरज नसते. बांधबंदिस्ती करून पावसाचे किंवा गोडे पाणी मुरवावे व निचऱ्यावाटे क्षार काढून लावावेत.

जिप्सम: चोपण जमिनीत माती परीक्षणाने ठरलेली मात्रा बारीक भुकटी करून पावसाळ्यापूर्वी वरच्या थरात मिसळावी. “माझ्या जमिनीत चुनखडी आहे, मग जिप्सम कशाला?” असा प्रश्न अनेक जण विचारतात. चुनखडीतही कॅल्शियम असतो हे खरे. पण वाढलेल्या सामूला ती जवळजवळ विरघळत नाही. जिप्सम तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक विरघळते. त्यातील कॅल्शियम मातीवरील सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. चुनखडीच्या जमिनीत गंधकही उपयोगी पडतो; मात्र जमिनीतील जिवाणूंनी त्याचे आम्ल बनविल्यावरच त्याचा गुण येतो, म्हणून त्याला वेळ लागतो.

सेंद्रिय खत: शेणखत, कंपोस्ट यांचा वापर करावा. धैंच्यासारखे हिरवळीचे पीक फुलोऱ्यापूर्वी गाडावे. त्यामुळे मातीत हवा खेळते व मुळांच्या पंपांना प्राणवायू मिळतो.

द्राक्षबागायतदारांसाठी

खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात वेलीवर नव्या काड्या तयार होत असतात आणि पुढील हंगामाचे घड त्याच काळात ठरतात. नेमक्या याच वेळी विहिरी व कूपनलिका खोल जातात व अनेक ठिकाणी पाणी अधिक खारे होते. म्हणून पाण्याची तपासणी केवळ पावसाळ्यानंतर करून भागत नाही, एप्रिल-मेमध्येही ती करावी. पाण्यातील अवशिष्ट सोडियम कार्बोनेट लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त असेल, तर ते पाणी उपाय केल्याशिवाय वापरू नये.

ठिबक सिंचनात क्षार ओल्या भागाच्या कडेला जमतात. पावसाची पहिली हलकी सर आली की ते पुन्हा मुळांकडे सरकतात. यास्तव त्या वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवावे, म्हणजे क्षार बाहेरच राहतील.

म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये जवळजवळ निम्मे वजन क्लोराइडचे असते. खारवट बागेत त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे आणि तेही थोड्या थोड्या हप्त्यांनी द्यावे.

डॉगरिज, ११० आर यांसारख्या खुंटांवर कलम केल्याने वेलीचा बराच बचाव होतो. तथापि, सर्व खुंटांची शक्ती सारखी नाही. क्लोराइड अडविणारा खुंट सोडियमही तितकाच अडवील असे समजू नये. नवीन लागवडीपूर्वी माती व पाण्याचा अहवाल दाखवून मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. खुंट वेलीला वाचवितो, जमिनीला नव्हे. निचरा नसेल तर क्षार साठतच जातात.

शेवटी, पाने करपलेली दिसताच खताचे पोते उघडण्याची घाई करू नये. देठ परीक्षण करून पालाशाबरोबर सोडियम व क्लोराइड यांचेही प्रमाण पाहावे. पालाश कमी व सोडियमही कमी असेल तर खत द्यावे. पालाश कमी पण सोडियम जास्त असेल, तर दोष ताटाचा नसून घशाचा आहे हे ओळखावे व पैसा निचऱ्यावर खर्च करावा.

आधी निचरा, नंतर जिप्सम, शेवटी खत, हा क्रम शेतकरी बंधूंनी मनाशी पक्का धरावा. खताचा पैसा एका हंगामात खर्ची पडतो. चरावर केलेला खर्च मात्र, चराची दरसाल साफसफाई ठेवली तर, वर्षानुवर्षे फळ देतो आणि मुलाबाळांच्या हाती पिकाऊ जमीन राहते.